वाद कट्ट्यावर, मत घरी

संध्याकाळी साडेसातला सोलापूरच्या पार्क चौपाटीवर चार मित्र गाड्या लावून उभे असतात. भेळ येईपर्यंत विषय निघतो आरक्षणाचा. पहिली पाच मिनिटं बरी जातात, मग आवाज चढतो. "काय बोलालास बे तू? तुला काय माहितंय?" दुसरा मोबाइल काढून कुठली तरी बातमी नाकासमोर धरतो, तिसरा ती न वाचताच "हे सगळं खोटं" म्हणतो, चौथा भेळ संपवून चावी फिरवत उभा राहतो. पाऊण तासानं चौघं पांगतात. चौघांची मतं आली तशीच घरी जातात, उलट जरा जास्त घट्ट होऊन जातात.

घरी गेल्यावर प्रत्येकजण एकच सांगतो: "त्याला किती समजावलं, ऐकतच नाही." हे मला पटत नाही. समोरचा ऐकतो. अगदी नीट ऐकतो, एकेक शब्द धरून ठेवतो, कारण त्याला त्यातलं भोक शोधायचं असतं.

आपली सर्वसाधारण समजूत अशी, की माणसाला माहिती कमी असते म्हणून त्याचं मत चुकतं, आणि आकडे दाखवले की ते सुधारतं. येल विद्यापीठातले डॅन काहान आणि त्यांचे सहकारी यांनी ही समजूत एका साध्या तक्त्यानं तपासून पाहिली. १,१११ लोकांपुढे त्यांनी चार आकडे ठेवले. पुरळावरचं एक नवं मलम. ते लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. आता सांगा, मलमाचा उपयोग झाला की नाही? २२३ हा आकडा ठसठशीत दिसतो, म्हणून बहुतेकजण "झाला" म्हणून मोकळे होतात. पण भागाकार करून बघा. मलम लावलेल्यांत वाढलेल्या एकामागे बरे झालेले तीन, न लावलेल्यांत एकामागे पाच. म्हणजे न लावलेलेच बरे. ज्यांचं गणित चांगलं होतं त्यांनी हे ओळखलं.

मग तेच चार आकडे ठेवून वरचा मथळा बदलला. मलमाच्या जागी खिशात पिस्तूल बाळगण्यावरची बंदी आणि पुरळाच्या जागी शहरातले गुन्हे. अमेरिकेत हा विषय आपल्याकडच्या आरक्षणाइतकाच तापलेला. काही जणांच्या तक्त्यात बंदी उपयोगी ठरत होती, काहींच्या तक्त्यात निरुपयोगी. आता गणित चांगलं असलेली माणसंसुद्धा आपल्या बाजूचं उत्तर निघत असेल तरच ते बरोबर काढू लागली. वरवर पाहता उत्तर आपल्या सोयीचं दिसलं, तर भागाकार करायचे कष्ट घ्यायचेच नाहीत. गैरसोयीचं दिसलं, तर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसायचं. त्यामुळे दोन बाजूंमधली दरी कच्च्या गणितवाल्यांपेक्षा पक्क्या गणितवाल्यांत जास्त रुंद निघाली. शिकलेल्या माणसाशी वाद घालणं सोपं जाईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. शिक्षणानं माणसाच्या हातात चांगली हत्यारं येतात. ती कुणाच्या बाजूनं चालवायची हे आधीच ठरलेलं असतं.

स्टॅनफर्डमध्ये १९७९ साली झालेला प्रयोगही याच जातीचा. फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ विद्यार्थी घेतले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले, एक म्हणतो फाशीनं खून कमी होतात, दुसरा म्हणतो होत नाहीत. दोन्ही बाजूंचं समसमान वाचून माणूस मध्यावर यायला हवा. झालं उलटं. आपल्या बाजूचा अभ्यास प्रत्येकाला पद्धतशीर वाटला, विरुद्ध बाजूच्या अभ्यासातल्या चुका मात्र धडाधड दिसल्या, आणि "वाचल्यानंतर माझं मत आणखी पक्कं झालं" असं दोन्ही गटांनी सांगितलं.

सोलापूरकरांना यासाठी स्टॅनफर्डला जायची गरज नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाशेजारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची जी चिमणी होती, तिच्यावरून हे शहर कित्येक वर्षं भांडलं. एका बाजूला चिमणी म्हणजे विमानसेवेतला अडथळा, शहरातली पोरं नोकरीसाठी पुण्याला जायचं कारण. दुसऱ्या बाजूला ती उसाचं बिल, सभासदांचा घाम. चिमणीची उंची आणि धावपट्टीपासूनचं अंतर दोघांनाही तेच माहीत होतं. १५ जून २०२३ रोजी ती पाडली. चिमणी पडली, मतं जागच्या जागी उभी राहिली. आजही कुणाला विचारून बघा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या घरी ऊस आहे की नाही यावर ठरतं.

याचं कारण समजून घ्यायला आपल्याच शहरातली एक वस्तू पुरेशी आहे. जकार्डची चादर. चादरीवरचा मोर किंवा वेल आपल्याला कापडावर दिसते, पण ती ठरते मागाच्या वर, जिथे पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यानं ओवून साखळीसारखी लटकवलेली असतात. प्रत्येक आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डात भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक सुटतो आणि तो धागा खालीच राहतो. वर-खाली झालेल्या धाग्यांच्या मधून धोटा निघून जातो. मग पुढचं कार्ड. एक भोक चुकलं, तर मोराच्या डोळ्यात एक ठिपका चुकतो, आणि साखळी फिरून पुन्हा तिथे आली की तोच ठिपका तसाच चुकतो. विणकर कापडावर हात घासत बसत नाही. माग थांबवतो, साखळीतलं ते नेमकं कार्ड शोधतो, बदलतो.

वादात आपण समोरच्याच्या कापडावर हात घासत असतो. त्याचं वाक्य चुकीचं आहे हे दाखवतो, तो दुसरं वाक्य काढतो, तेही तशाच नक्षीचं. "बाहेरची माणसं आली म्हणून कामं गेली" हे आकड्यांनी खोडलं, की "बरं, पण आपली संस्कृती?" येते. ती खोडली की "तुझ्या घरावर वेळ आली म्हणजे कळेल." कार्डं वर आहेत: लहानपणी कुणी अपमान केला, कुणी वेळेला धावून आलं, बापाची नोकरी कशानं गेली, गल्लीत कुणाच्या शब्दाला वजन होतं. आणि चालत्या मागावर कार्ड बदलता येत नाही. वादाचा आवाज चालू असेपर्यंत माग चालूच असतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग माणसाचं मत दगडासारखंच असणार. तसं अजिबात नाही, आणि यासाठी मला स्वीडनमधला एक प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. २०१२ साली तिथल्या संशोधकांनी १६० लोकांना क्लिपबोर्डवर नैतिक प्रश्नांचा कागद दिला. बारा विधानं, प्रत्येकाशी किती सहमत आहात ते लिहायचं. पहिलं पान उलटलं, की वरचा एक छोटा चिकट तुकडा क्लिपबोर्डच्या मागच्या बाजूला चिकटून निघून जायचा आणि त्याखाली दोन विधानं नेमकी उलट अर्थाची दिसायची. खुणा मात्र त्याच. म्हणजे ज्या विधानासमोर माणसानं "सहमत" लिहिलं होतं, त्याच्या उलट विधानासमोर आता त्याचंच "सहमत" होतं. मग लोकांना विधानं मोठ्यानं वाचून आपलं मत समजावून सांगायला सांगितलं. दर १०० पैकी ६९ जणांनी निदान एक तरी उलटवलेलं विधान आपलं म्हणून स्वीकारलं. कित्येकांनी तर त्याच्या बाजूनं मुद्देसूद कारणं दिली.

ही माणसं खोटारडी नव्हती. आपलं मत आपलंच आहे असं वाटलं, की त्याला कारणं आपोआप सुचतात. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मत हललं कधी? जेव्हा कुणी जिंकत नव्हतं आणि कुणी हरत नव्हतं. समोर कुणी "बघ, चुकलास ना?" म्हणायला उभं नव्हतं.

कट्ट्यावर ते असतं. वादात दोन माणसं बोलतात असं दिसतं, पण खरा वाद ऐकणाऱ्यांसाठी चाललेला असतो. चौघांत उभं राहून "अरे हो, माझं चुकलं" म्हणायची किंमत काय पडते याचा हिशेब करा. उद्यापासून गटात टोमणे. मामाच्या घरी गेल्यावर "काय रे, तू तिकडं गेलास म्हणे?" लग्नसराईत पंगतीला शेजारी कोण बसतं, उसनं कोण देतं, रात्री दोनला दवाखान्यात कोण येतं, हे सगळं आपल्या माणसांवर अवलंबून असतं. सोलापुरात तर एकेका पेठेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं भिंतीला भिंत लावून राहतात, आणि माणूस बाजारात कुठल्याही भाषेत बोलला तरी अडीनडीला आपल्याच लोकांकडे जातो. एका धोरणाबद्दल बरोबर असण्यापेक्षा या माणसांत असणं त्याला जास्त गरजेचं आहे, आणि त्यात काही गैर नाही. बरोबर असण्याचा फायदा सगळ्या देशाला थोडा थोडा होतो, वेगळं पडण्याचा तोटा एकट्याला पुरता होतो.

शब्दांचा घोळ वेगळाच. दोन्ही बाजू "अन्याय" हाच शब्द वापरतात. एकाच्या लेखी न्याय म्हणजे मागे राहिलेल्याला पुढे आणणं, दुसऱ्याच्या लेखी ज्यानं जेवढं केलं त्याला तेवढं मिळणं. दोघं एकमेकांना अन्यायाचे पुरावे देत राहतात आणि दोघांचेही पुरावे समोरच्याच्या व्याख्येत बसत नाहीत.

काही विषय तर वाटाघाटीच्या पलीकडचेच असतात. इथलं विद्यापीठ २००४ साली सुरू झालं, आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून शहर ढवळून निघालं. काहींना ग्रामदैवत सिद्धेश्वरांचं हवं होतं, काहींना अहिल्यादेवींचं. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लागलं. त्या काळात मध्यममार्गी माणूस हमखास एक वाक्य बोलायचा: "नावात काय आहे, दर्जा बघा." वाक्य शहाणपणाचं होतं आणि दोन्हीकडे सारखंच बोचलं. ज्याला श्रद्धेचं मोल असतं, त्याची सोयीशी तुलना केली, की माणसाला ते मोल कमी केल्यासारखं वाटतं. इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी यांच्यात झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच सांगतो: तडजोडीसोबत पैशांचा मोबदला देऊ केला तेव्हा पावित्र्य मानणाऱ्यांचा राग वाढला. समोरची बाजू आपल्यासाठी प्रिय असलेलं काही सोडते आहे असं दिसलं, तेव्हा तो कमी झाला. अशा विषयात आधी "हे तुमच्यासाठी किती मोठं आहे ते मला कळतं" एवढं मनापासून म्हणावं लागतं. ते म्हणता येत नसेल तर त्या दिवशी विषयच काढू नये.

आपल्याच जिल्ह्यात एक फार मोठं मत बदललं आहे. पंढरपुरात. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना शतकानुशतकं आत प्रवेश नाही. या प्रश्नावर शास्त्रार्थ पुष्कळ झाले असतील, त्यांनी दार उघडलं नाही. साने गुरुजींनी १९४७ च्या सुरुवातीला महाराष्ट्रभर दौरा केला. गावोगाव सभा, आणि प्रत्येक गावाला मागणं अगदी हाताशी असलेलं: तुमच्या गावचं देऊळ उघडा, तुमची विहीर मोकळी करा. मग १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी ते सुटलं आणि मंदिर सगळ्यांना खुलं झालं. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

यात क्रम पाहण्यासारखा आहे. गुरुजींनी सनातन्याला वादात हरवलं नाही. आधी शेकडो गावांत छोटी दारं उघडली गेली, त्यामुळे ज्याला मनातून पटत होतं पण एकट्यानं बोलायची हिंमत नव्हती, त्याला आपल्यासारखे अनेक आहेत हे दिसलं. देवळाच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी ते विठ्ठलाच्याच भाषेत बोलले: आईच्या दारात लेकरांना अडवू नका. आणि दार उघडल्यावर जे घडलं ते कुठल्याही भाषणानं घडलं नसतं. माणसं एका रांगेत उभी राहिली. बाप बदलला नसेल, पण त्याच रांगेत उभा असलेला मुलगा ती रांग पाहतच मोठा झाला. मतं कृतीच्या मागून चालत येतात, हे आपण वारंवार विसरतो.

पण रोजच्या आयुष्यात कुणी उपोषणाला बसत नाही. समोर असतो काका, आणि विषय असतो पुतणीच्या आंतरजातीय लग्नाचा. तिथे काय करायचं?

याचं सगळ्यात कसून तपासलेलं उत्तर अमेरिकेतून आलं आहे. कॅलिफोर्नियात २००८ साली समलिंगी विवाह थांबवणारा प्रस्ताव मतदानात मंजूर झाला. हरलेल्या बाजूच्या लॉस एंजेलिसमधल्या कार्यकर्त्यांनी समलिंगी विवाहाच्या विरोधात मत दिलेल्यांची दारं ठोठावली आणि विचारलं, असं का केलंत? हजारो दारांवर बोलता बोलता त्यांची एक रीत तयार झाली. पुढे मायामीत ५६ कार्यकर्त्यांनी तृतीयपंथी लोकांच्या हक्कांवर ५०१ मतदारांशी त्या रीतीनं दारातच बोलून पाहिलं. काहींशी खरा विषय, काहींशी तुलनेसाठी कचऱ्याच्या पुनर्वापराचा भलताच विषय. संभाषण सुमारे दहा मिनिटांचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मनातली अढी कमी झाली आणि तीन महिन्यांनीही ती कमीच होती. सगळ्यांची नाही, पण राजकारणातल्या जाहिरातींचा परिणाम काही दिवसांत विरतो हे पाहता तीन महिने खूप झाले.

रीत आपल्याकडे आणायची तर अशी आणता येईल. काका एकटे असताना गाठायचे, काकू आणि पाहुणे बसलेले असताना नाही. पहिला प्रश्न मताचा: "काका, या लग्नाला तुमचा विरोध सोळा आण्यांतला किती?" वयस्कर माणसाला हा हिशेब लगेच कळतो. ते म्हणतील, "चौदा आणे." इथे नव्वद टक्के माणसं चुकतात. ती विचारतात, "इतका का?" आणि काका चौदा आण्यांची चौदा कारणं देतात, ती मोठ्यानं बोलून स्वतःलाच पुन्हा पटवतात. विचारायचं हे: "पुरा सोळा आणे का नाही? दोन आणे कुठं राहिले?" आता काकांना स्वतःच्या तोंडानं लग्नाच्या बाजूचं काहीतरी शोधावं लागतं. "पोरगा निर्व्यसनी आहे म्हणा." एवढं निघालं तरी खूप झालं. ते वाक्य आपण बोललो असतो तर त्यांनी खोडलं असतं. स्वतःचं वाक्य माणूस खोडत नाही.

मग गोष्ट. दोन्ही बाजूंनी. आपण ओळखीतल्या एखाद्या लग्नाचं खरं खरं सांगायचं, त्यातले त्रासही सांगायचे, नुसतं गोड नाही. मग त्यांना विचारायचं, "तुम्हाला कधी कुणी नुसतं जातीवरून किंवा गावावरून तोललंय का?" यावर बहुतेक माणसं थोडा वेळ गप्प होतात, मग काहीतरी निघतं. पुण्यात खोली मिळाली नाही, साहेबानं भाषेवरून हिणवलं. ते ऐकायचं, त्याचा मुद्दा बनवायचा नाही. "मग बघा, तसंच या मुलाचं" असं लगेच जोडून दिलं की सगळं पाण्यात. तो धागा त्यांनाच जोडू द्यायचा, रात्री अंथरुणावर का होईना. मायामीचा तो प्रयोग करणाऱ्या संशोधकांनीच पुढे गोष्टींची ही देवाणघेवाण काढून टाकली आणि नुसते मुद्दे ठेवले, तेव्हा परिणाम दिसेनासा झाला.

चुकतं कुठे, तेही ठरलेलं. पहिल्या दोन मिनिटांत आकडा काढणं. "तुम्ही लोक" हे दोन शब्द. समोरच्याच्या बाजूचा सगळ्यात वेडगळ माणूस निवडून त्याचं उत्तर याच्याकडे मागणं. एका बैठकीत निकाल लावायचा हट्ट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो जरासा हलला की "मी म्हणत नव्हतो?" असं बोलून जाणं. त्या एका वाक्यानं महिनाभराची मेहनत वाया जाते, कारण आता हलणं म्हणजे हरणं झालं.

धोरणाचा विषय असेल तर "का" ऐवजी "कसं" विचारून बघावं. शहराला रोज पाणी मिळालं पाहिजे आणि उजनीचं पाणी आधी शहराला की शेतीला, यावर दोन्हीकडून ठाम मतं असतात. "का?" विचारलं की आवाज वाढतो. "धरणातून शंभरेक किलोमीटरवरून पाणी पाकणीला येतं, तिथून तुमच्या टाकीत कसं पोचतं, मधे काय काय लागतं?" विचारलं, की माणूस तिसऱ्या वाक्याला अडखळतो आणि स्वतःच म्हणतो, "तेवढं नाही माहीत." २०१३ सालच्या एका प्रयोगात असं समजावून सांगायला लावल्यावर लोकांची टोकाची मतं जरा मवाळ झाली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, म्हणून याला रामबाण समजू नये. आणि हा प्रश्न परीक्षकाच्या आवाजात विचारला तर उलटतो. आपल्यालाही पुरतं माहीत नाही, हे खरंच मान्य असेल तरच विचारावा.

आकड्यांना काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. खरी माहिती दाखवली की लोक उलट चुकीचं मत घट्ट धरतात, असा एक समज २०१० नंतर पसरला होता. २०१९ मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा तसं सहसा होत नाही असं दिसलं. लोक खरी माहिती बऱ्यापैकी स्वीकारतात. फक्त तेवढ्यानं आपली बाजू सोडत नाहीत. म्हणून आकडा सांगावा, शांतपणे सांगावा, आणि त्यानं आजच्या आज काही घडेल ही अपेक्षा सोडावी.

पार्क चौपाटीवरचे ते चौघं पांगतात तेव्हा दोघं एकाच गाडीवर बसतात, कारण दोघांचं घर विजापूर रोडला. सात रस्त्यापर्यंत कुणी बोलत नाही. आता ऐकणारं कुणी नाही, एकमेकांचा चेहरा दिसत नाही, दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत. सिग्नलला गाडी थांबते, आणि मागे बसलेला, जो मघाशी सगळ्यात मोठ्यानं बोलत होता, तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ते तू मघाशी तुझ्या भावाच्या ॲडमिशनचं म्हणलास की बे, ते काय झालतं नेमकं?"